अहिंसा सांगायची कोणाला?

धम्मपद या पाली गाथासंग्रहाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, विडूडभाची गोष्ट येते. कोसलचा राजा पसेनदी याला बुद्धाच्या कुळाशी, म्हणजे शाक्यांशी, सोयरीक हवी होती. शाक्य त्याचे अंकित होते, तरी कुळाचा ताठा सुटलेला नव्हता. मुलगी देणे कमीपणाचे वाटत होते आणि नाही म्हणण्याची छाती नव्हती. तेव्हा त्यांनी महानाम शाक्याला दासीपासून झालेली मुलगी, वासभखत्तिया, क्षत्रियकन्या म्हणून लावून दिली. तिचा मुलगा विडूडभ सोळा वर्षांचा झाला तेव्हा हट्टाने आजोळी, कपिलवस्तूला गेला. तिथे त्याने सर्वांना वंदन केले, त्याला मात्र कोणी केले नाही. त्याच्याहून लहान असलेल्या मुलांना आधीच बाहेरगावी धाडून दिले होते. तो निघाल्यावर, तो ज्या फळीवर बसला होता ती एक दासी दूध कालवलेल्या पाण्याने धुऊ लागली आणि धुता धुता बोलू लागली, की दासी वासभखत्तियेचा पोरगा बसला तीच ही फळी. विसरलेले शस्त्र न्यायला परतलेल्या एका शिपायाने ते ऐकले आणि बातमी सगळ्या लष्करात पसरली. आज ते ही फळी दुधापाण्याने धुवोत, राज्यावर आलो की मी ती त्यांच्या गळ्यातल्या रक्ताने धुईन, अशी प्रतिज्ञा विडूडभाने केली आणि पुढे ती पाळली. तान्ही मुलेही त्यातून सुटली नाहीत, असे अट्ठकथा सांगते.

या गोष्टीत हिंसा कोठे सुरू झाली, असे विचारले तर बहुतेक जण सैन्य निघाले त्या दिवसाकडे बोट दाखवतील. मला ती फळी धुण्यापाशी सुरू झालेली दिसते. तिथे कोणी कोणाला मारले नाही, आवाजही चढवला नाही, उलट ज्याचा अपमान होत होता त्याला कळू नये इतकी काळजी घेतली गेली. तरीही एका माणसाच्या स्पर्शाने लाकूड विटाळते हे त्या धुण्याने ठरवून टाकले, आणि पुढचे रक्त त्याच फळीवर सांडले. बौद्ध परंपरेत अहिंसेचा जो विचार झाला, त्यातला सर्वांत खोल भाग मला या जागी सापडतो. म्हणूनच अहिंसा म्हणजे काय, या प्रश्नाइतकाच ती कोणाला उद्देशून सांगितली आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे असे मी मानतो. तो आपण क्वचितच विचारतो.

तो न विचारल्याने काय होते ते आपण सारे पाहत आलो आहोत. एखाद्या वस्तीवर हल्ला होतो, कोणाचे घर जळते, त्या समाजाची माणसे रस्त्यावर उतरून संतापाने बोलू लागतात, की लगेच त्यांना बुद्धाची आठवण करून दिली जाते. वैराने वैर शमत नाही, अवैरानेच शमते, ही धम्मपदाची पाचवी गाथा अशा वेळी हमखास उद्धृत होते. हल्ला होण्यापूर्वी, ज्यांच्या मनात वैर साचत होते त्यांच्यापुढे ती कोणी म्हटल्याचे आठवत नाही. गाथा खरी आहे. श्रोता चुकीचा निवडलेला असतो. दुसऱ्या बाजूला, या उपदेशाला विटलेली माणसे अहिंसा हा पोट भरलेल्यांचा शौक ठरवून मोकळी होतात. दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात: अहिंसा म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने शांत बसणे.

त्या पाचव्या गाथेमागची कथा मुळातून वाचली तर हे गृहीतक टिकत नाही. दोन सवतींचे वैर जन्मोजन्मी चालत येते आणि शेवटी एक बाई तान्हे मूल घेऊन, दुसरी यक्षिणी होऊन, बुद्धासमोर येतात. बुद्ध दोघींना समोर उभे करून गाथा सांगतो. एकीलाच बाजूला घेऊन समजावत नाही. समेट झाल्यावर यक्षिणी रडू लागते. का रडतेस, असे विचारल्यावर ती म्हणते, की आजवर मी कशीबशी जगत होते तरी पोटभर मिळत नव्हते, आता जगू कशी? यावर बुद्ध तिला पुन्हा उपदेश करत नाही. हिला घरी ने, राहायला जागा दे, चांगली पेज आणि भात घालून सांभाळ, असे तो त्या बाईला सांगतो. वैर सोडणाऱ्याच्या पोटाची सोय हा त्या गाथेचाच भाग आहे. सभांमध्ये गाथा येते आणि पेज गळून पडते.

हाच विचार राज्याच्या पातळीवर दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या दोन सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांत, आला आहे, आणि बौद्ध अहिंसेवर बोलणाऱ्याने वैयक्तिक शांतीच्या कितीतरी आधी ती वाचायला हवीत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले कूटदन्तसुत्त. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो, की राज्यात चोऱ्या आणि लुटालूट चालू आहे, अशात नवे कर बसवणे बरोबर नाही. आणि मारून, बांधून, हद्दपार करून हा उपद्रव मिटेल असे वाटत असेल तर तोही भ्रम आहे, कारण जे उरतील ते पुढे त्रास देतील. मग तो उपाय सांगतो. जे शेती आणि गोपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न आणि वेतन द्या. राजा तसे करतो. माणसे आपापल्या कामाला लागतात, घरांची दारे उघडी राहतात, लोक मुलांना छातीवर नाचवत आनंदाने जगतात. दंडाच्या भाषेत बोलणाऱ्या राजाला अर्थव्यवस्थेच्या भाषेत उत्तर देणारा हा मजकूर आहे. त्यात दयेचे एक वाक्यही नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पुरोहित राजाला मन मृदू करायला सांगत नाही, वाटप नीट करायला सांगतो.

दुसरे चक्कवत्तिसीहनादसुत्त अधिक कठोर आहे. एका राजाने संरक्षणाची सगळी व्यवस्था केली, पण निर्धनांना धन दिले नाही, तेवढे राहून गेले. त्यातून दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी. पहिला चोर पकडून आणला तेव्हा राजाने विचारले, तू खरेच चोरी केलीस का? तो म्हणाला, हो महाराज, जगायला दुसरे काही नाही. राजाने त्याला धन दिले. दुसऱ्यालाही दिले. मग लोक म्हणू लागले, चोरी केली की राजा धन देतो, चला आपणही करू. तेव्हा राजाने धोरण बदलले आणि पुढच्या चोराचे हात मागे करकचून बांधून, डोके भादरून, कर्कश ढोल वाजवत त्याला गल्लीगल्लीतून आणि चौकाचौकातून फिरवले व दक्षिण दरवाजाबाहेर नेऊन त्याचे मुंडके उडवले. याचा परिणाम लोक घाबरण्यात झाला नाही. त्यांनी विचार केला, की आपणही धारदार शस्त्रे करू आणि ज्यांना लुटू त्यांची मुंडकी उडवू. शस्त्रांमागून हत्या आली, हत्येमागून खोटे बोलणे, आणि ८०,००० वर्षांचे माणसाचे आयुष्य घसरत घसरत १० वर्षांवर आले.

आकडे पुराणकथेचे आहेत, त्यांत अडकू नये. पाहायचा तो कार्यकारणाचा क्रम. हत्येच्या मागे शस्त्र आहे, शस्त्राच्या मागे राजाची शिक्षा, शिक्षेच्या मागे चोरी, चोरीच्या मागे दारिद्र्य, आणि दारिद्र्याच्या मागे राज्याने न केलेली एक गोष्ट. लोकांच्या हिंसेची मुळे शोधता शोधता सुत्त सिंहासनापाशी येऊन थांबते. शिवाय मध्येच राजाने केलेला धनदानाचा प्रयोगही ते फसलेला दाखवते, आणि हा तपशील मला विशेष शहाणपणाचा वाटतो: चोरी झाल्यावर चोराच्या हातावर ठेवलेले पैसे म्हणजे न्याय नव्हे. व्यवस्था कोसळल्यावर केलेली मेहेरबानी आणि कोसळू नये म्हणून केलेले वाटप यांत फरक आहे. अत्याचार झाल्यावर जाहीर होणाऱ्या मदतीच्या रकमा ऐकताना हा फरक मला नेहमी आठवतो.

धम्मपदाच्या १२९ व्या गाथेतही हीच दिशा दोन शब्दांत आहे: न हनेय्य न घातये. मारू नये, मारायला लावू नये. दुसरा शब्द स्वतःचे हात स्वच्छ ठेवून इतरांकरवी काम करून घेणाऱ्यासाठी आहे. शस्त्रांचा, माणसांचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे तेही याच भावनेने. युद्धात मेलेला वीर स्वर्गाला जातो ना, असे विचारणाऱ्या योद्ध्यांच्या प्रमुखाला बुद्धाने दोनदा टाळले, तिसऱ्यांदा मात्र इतरांना मारण्याच्या हेतूने भरलेले चित्त नरकाकडे नेते, असे सांगितले. तो माणूस रडला. त्याची कीव येते, पण सैनिकाला स्वर्गाचे आमिष दाखवण्याचे काम बुद्धाने केले नाही, एवढे खरे.

आता उरतो भिक्खू. त्याला सांगितलेली अहिंसा मात्र टोकाची आहे. मज्झिमनिकायातल्या ककचूपमसुत्तात म्हटले आहे, की दरोडेखोर दोन मुठींच्या करवतीने अवयव कापत असले तरी ज्याचे मन दूषित होईल तो माझी शिकवण पाळणारा नव्हे. शोषितांना सहनशीलता शिकवताना बहुधा हाच दृष्टांत पुढे केला जातो. तो सांगितला आहे घरदार सोडून, स्वेच्छेने ही वाट धरलेल्या भिक्खूंना, आणि निमित्त होते एका भिक्खूच्या भांडखोरपणाचे. करवत हातात धरणाऱ्याने, किंवा त्याच्या शेजारी उभे असलेल्याने, कापल्या जाणाऱ्याला ऐकवायची ही गोष्ट नव्हे.

आणि त्याच सुत्तात आणखी एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. सावत्थीत वेदेहिका नावाची गृहिणी होती. सौम्य, शांत, नम्र अशी तिची कीर्ती. तिची दासी काळी कामाला चोख होती. काळीच्या मनात आले, की माझ्या मालकिणीला राग नाहीच, की माझे काम नीटनेटके असते म्हणून तो दिसत नाही? तिने पारख करायचे ठरवले आणि एके दिवशी उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर केला, तेव्हा तोंडून वाईट शब्द आले. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. फुटलेल्या, रक्ताळलेल्या डोक्याने काळी शेजाऱ्यांपुढे गेली आणि म्हणाली, बघा सौम्य बाईंची करणी, बघा शांत बाईंची करणी. बुद्धाने ही गोष्ट भिक्खूच्या सौम्यतेची कसोटी कोठे लागते ते समजावायला सांगितली. मी ती काळीच्या बाजूने वाचतो. वेदेहिकेची शांती काळीच्या पहाटे उठण्यावर उभी होती. काळीने हात उगारला नाही, कामचुकारपणाही केला नाही. फक्त ती शांती कशावर टेकली आहे ते तीन सकाळींत उघडे पाडले. आंदोलनाने शांतता भंगली असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी. काळीने काही भंग केले नव्हते. जे आधीपासून होते ते तिने शेजाऱ्यांना दाखवले.

इथे कोणी म्हणेल, की हे सगळे निवडून वाचणे झाले. आक्षेप योग्य आहे, आणि परंपरेने स्वतःच हे सारे अनेकदा उलटे वाचले आहे हे लपवण्यात अर्थ नाही. विनयाच्या, म्हणजे भिक्खुसंघाच्या आचाराच्या, नियमांनुसार दासाला, कर्जदाराला आणि राजाच्या सैनिकाला संघात प्रवेश नव्हता. मालक, सावकार आणि राजा यांच्याशी संघाने केलेली ही तडजोड होती. भिक्खुणींवर आठ जादा नियम लादले गेले. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा देऊन त्यांना त्याच्यापुढे वाकायला लावणारा संघ हाच, आणि श्रीलंकेत १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकाय या भिक्खुपंथाने पुढे गोविगम या उच्च मानल्या जाणाऱ्या जातीपुरतीच दीक्षा मर्यादित केली तोही संघच. विडूडभाच्या कथेतही एक जागा अशी आहे जिथे मी दर वेळी अडखळतो. फसवणूक कळल्यावर पसेनदी वासभखत्तियेचा आणि मुलाचा मान काढून घेतो, तेव्हा बुद्ध त्याला समजावतो ते काय म्हणून? तर आईचे कुळ काय करायचे, बापाचे कुळ हेच प्रमाण. ज्या बुद्धाने वासेट्ठसुत्तात गवत, किडे, पक्षी यांच्यात जातिभेद असतो, माणसामाणसांत तसा नाही असे सांगितले, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. अट्ठकथाकारांचा काळ बोलतो आहे, असे मी समजतो. पण बोलतो आहे खरा.

अशोकाकडे पाहावे तर तिथेही हीच गुंतागुंत. कलिंगयुद्धात दीड लाख माणसे देशोधडीला लागली आणि एक लाख मारली गेली, याचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा शिलालेख जगाच्या इतिहासात दुर्मीळ म्हणावा असा आहे. त्याच लेखात अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या, लोकांना बजावले आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याकडे बळ आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलाच नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना सोडून बाकी सर्वांना पश्चात्ताप वाचायला मिळाला. तरीही अशोकाला ढोंगी म्हणून निकालात काढणे मला पटत नाही, कारण धौलीला त्याच्या जागी जे दोन लेख आहेत त्यांत सर्व माणसे माझी मुले आहेत असे म्हणून तो कलिंगातल्या तोसलीच्या अधिकाऱ्यांना विनाकारण कोणाला बंदीत टाकू नका, छळू नका असे बजावतो, आणि तपासणीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी पाठवण्याची व्यवस्था करतो. जिंकलेल्या प्रजेला क्षमा मागण्याऐवजी तिथल्या नोकरशाहीला वेसण घालणे हे अपुरे आहे. पण सांगणे योग्य माणसाला सांगितले आहे.

सांगणे नेमके चुकीच्या जागी गेले की काय होते, त्याचा सर्वांत भयानक नमुना श्रीलंकेच्या महावंस या जुन्या पाली इतिहासकाव्यात आहे. दुट्ठगामणी राजाला युद्धातल्या संहाराने झोप लागत नाही. आठ अर्हंत, म्हणजे मुक्तीला पोचलेले भिक्खू, त्याचे सांत्वन करायला येतात आणि सांगतात, तू फक्त दीडच माणूस मारलास: एकाने त्रिशरण घेतले होते म्हणून तो अर्धा, एकाने पंचशीलही घेतले होते म्हणून तो पूर्ण, बाकीचे पशूंसारखे. राजाच्या मनात जी टोचणी जागी झाली होती ती जागी ठेवणे हेच त्या भिक्खूंचे काम होते, आणि त्यांनी तीच शांत केली. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळत असताना तिथल्या एका मान्यवर भिक्खूने लष्करी छावणीत सैनिकांपुढे हीच गोष्ट सांगितली. बुद्धाने योद्ध्याला जे द्यायचे नाकारले होते ते इथे मागण्याआधीच देण्यात आले. शोषितांना करवतीचा दृष्टांत आणि सैनिकांना दीड माणसाचा हिशेब, अशी ही वाटणी आहे. शब्द दोन्ही बौद्ध परंपरेतले, श्रोते मात्र अदलाबदल झालेले.

या अदलाबदलीला सर्वांत मोठा आधार मिळतो तो कर्माच्या सिद्धांताचा. विडूडभाच्या सैन्याला तीनदा बुद्धाने परतवले, असे कथा सांगते. शाक्यांच्या हद्दीतल्या एका विरळ सावलीच्या झाडाखाली बुद्ध बसला होता, आणि पलीकडच्या दाट वडाखाली बसा असे विडूडभ म्हणाला तेव्हा त्याने उत्तर दिले, की नातलगांची सावली थंड असते. चौथ्या वेळी बुद्ध गेला नाही, कारण शाक्यांनी पूर्वी नदीत विष घातल्याचे कर्म त्याला दिसले. थंड सावलीचे ते वाक्य जितके सुंदर, तितके हे स्पष्टीकरण मला दुबळे वाटते. त्याच तर्काने दासीपुत्राचा अपमान हेही त्याच्या पूर्वकर्माचे फळ ठरते, आणि मग कोणीच कशाला जबाबदार उरत नाही. सुदैवाने निकायांत, म्हणजे बुद्धवचनांच्या मूळ संग्रहांत, याला थेट उत्तर आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळे, असे मानणारे अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्याही, असे बुद्ध मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला सांगतो. वेदनेची आठ कारणे तो मोजतो, त्यांत पित्त, कफ, वात आणि ऋतू आहेत, दुसऱ्याने केलेला हल्लाही आहे, आणि कर्मविपाक शेवटी येतो. दुसऱ्याने मारले म्हणून दुखते, हे मान्य करण्याची ही प्रामाणिकता न्यायाच्या कल्पनेची पहिली पायरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची विषमता समर्थनीय ठरवणारा विचार बाजूला सारला, तेव्हा त्यांनी परंपरेशी द्रोह केल्याची ओरड झाली. मला वाटते, त्यांनी परंपरेतल्याच दोन आवाजांपैकी एकाची बाजू घेतली.

आता सर्वांत अवघड आक्षेप. अपमान आणि वंचना हीच हिंसा मानली, तर उलट हिंसा आपोआप स्वसंरक्षण ठरत नाही का? विडूडभ बरोबर होता असे मग का म्हणू नये? त्याच्या रागाशी माझा वाद नाही. पण सूड घेऊन त्याने साधले काय ते पाहावे. दासीचा मुलगा म्हणवले गेल्याचा त्याला संताप होता. त्याने शाक्य मारले. दास्य मारले नाही. राजा झाल्यावर त्याने एकही दासी मुक्त केल्याचे कथा सांगत नाही. क्षत्रिय श्रेष्ठ आणि दासी नीच, ही उतरंड त्याने जशीच्या तशी मान्य केली. तक्रार एवढीच, की मला खालच्या पायरीवर का बसवले. फळी रक्ताने धुतली तरी धुणे चालूच राहिले. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे सैन्य अचिरवती नदीच्या पुरात वाहून गेले. आणि जिने ती फळी धुतली, जी स्वतः दासी होती आणि दुसऱ्या दासीच्या नातवाचा विटाळ काढायला जिला बसवले होते, तिचे पुढे काय झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. अट्ठकथेने तिला नावही दिलेले नाही.

म्हणून अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, ही आंबेडकरांची मांडणी मला मोलाची वाटते. नियम तोडला किंवा पाळला एवढेच विचारतो. तत्त्व कृती करणाऱ्याला स्वातंत्र्य देते आणि त्याच्यावर निर्णयाची जबाबदारीही टाकते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. गरजेची व्याख्या बलवानांच्या हाती पडली तर हा भेद धोकादायक ठरू शकतो, याची जाणीव मला आहे, आणि राज्यसंस्थेच्या बाबतीत ही धास्ती कधी सोडू नये. पण या मांडणीमुळे दुबळ्याचा प्रतिकार आणि बलवानाचा अत्याचार एकाच तराजूत तोलण्याची चूक टळते.

फळी धुण्याला उत्तर कसे द्यावे, याचे एक उदाहरण १९२७ मध्ये महाडला घडले. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले होते, आणि तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. आंबेडकरांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून, मंत्र म्हणून ते शुद्ध करून घेण्यात आले. अडीच हजार वर्षांनंतर तेच दूध, तेच धुणे. आंबेडकर तेव्हा बौद्ध नव्हते, धर्मांतर २९ वर्षे दूर होते. पण विडूडभाने जी गोष्ट सोडून दिली होती तीच त्यांनी पकडली: डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला आले, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला म्हणून तळ्यावर जाणे थांबवले, आणि विटाळाला मान्यता देणाऱ्या मनुस्मृतीचे दहन केले. जाळला तो ग्रंथ. माणसाला चटका बसला नाही. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात जिंकायला १९३७ उजाडले.

दहा वर्षे ओंजळभर पाण्यासाठी. हा काळ कोणाच्याही संयमाची कसोटी पाहणारा आहे, आणि अहिंसक मार्गाची ही किंमत नेहमी आधीच गांजलेल्यांकडून वसूल होते, हे म्हणणे खोडून काढता येत नाही. कधी कधी तर किंमत मोजूनही हाती काही लागत नाही. विनयात भिक्षापात्र पालथे घालण्याची तरतूद आहे: संघावर अन्याय करणाऱ्या गृहस्थाकडून दान स्वीकारायचे नाही, म्हणजे त्याला पुण्यच मिळू द्यायचे नाही. २००७ साली म्यानमारच्या भिक्खूंनी लष्करी राजवटीविरुद्ध पात्रे पालथी घातली आणि मेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचे सुत्त, म्हणत रस्त्यावरून चालत गेले. काही आठवड्यांत बंदुकांनी ते आंदोलन चिरडले. तरी अहिंसेच्या या रूपात सोसण्याहून वेगळे काही आहे, ते म्हणजे नकार. आणि तो नकार खाली मान घालून बसलेल्यांना नव्हे, दान देऊन पुण्यवान म्हणवून घेणाऱ्या सेनापतींना ऐकवलेला होता.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर सांगितले. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी क्रांतीच्या रक्तरंजित मार्गांबरोबर असहकार आणि सत्याग्रहही सोडून द्यावेत, संविधानिक मार्ग खुले असताना हे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, असा इशारा दिला होता. हे वाक्य आज प्रत्येक आंदोलकाच्या तोंडावर फेकले जाते. त्याच भाषणात पुढे, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असा अंतर्विरोध आपण लवकरात लवकर दूर केला नाही, तर विषमतेचे चटके सोसणारे लोक लोकशाहीचा हा डोलारा उद्ध्वस्त करतील, असेही ते म्हणाले. पहिले वाक्य चळवळ करणाऱ्यांसाठी होते, दुसरे सत्ता हाती असलेल्यांसाठी. आजचे राज्यकर्ते पहिले वाक्य आंदोलकांना तोंडपाठ म्हणून दाखवतात. दुसरे आपल्याला सांगितले होते, हे त्यांच्या गावीही नसते.